डिट्टो सारखे दोन स्फोट

आज आमच्या चाकणच्या कंपनीत, भर कँटीनमध्ये, मी विमान उतरवलं! आधी हे लिहूनच टाकते...

सकाळी नाश्त्याच्या सुट्टीत शिफ्टच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. विमान येतं, खालची विमानं ठेवायची दोन हँगर धडाधड उडतात, आणि वर लिहिलेलं, 'ताजी बातमी, आपला एअरबेस उडवला.' सीमेवर चार दिवस तापलेलंच आहे, त्यामुळे सगळ्यांना ते खरंच वाटलं.

माझ्याशेजारी पॅकिंगच्या सुषमामावशी बसल्या होत्या. त्यांचा मुलगा एअरफोर्समध्ये विमानांचा मेकॅनिक, आणि कालपासून त्याचा फोन बंद. पोह्यांची बशी सरकवून त्या उठल्याच... "सायबाला सांग, मी घरला चालले," एवढंच म्हणाल्या.

मला मात्र काहीतरी खटकत होतं. मी क्वालिटीत आहे, दिवसभर जॉब, म्हणजे मशीनवरून निघालेले पार्ट, तपासते. एकाच मशीनवरचे दोन जॉबसुद्धा कधी शंभर टक्के सारखे निघत नाहीत हो! आणि इथे दोन्ही स्फोट डिट्टो... धुराला तोच बाक, डावीकडे उडालेला तोच पत्रा.

आणि ट्यूब पेटली. अरे, हा तर माझा गेम! रोज कासारवाडीहून कंपनीच्या बसमध्ये बसले की मी हीच हँगर उडवत येते (हो, चाळिशीत... हसा खुशाल). "मावशी, थांबा!" म्हणत फोन काढला, तेच मिशन लावलं, तेच हँगर उडवलं. पत्रा उडाला, डावीकडेच!

मावशींनी तीनदा उडवायला लावलं, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. मग मटकन खुर्चीत बसल्या, आणि मलाच रडू आलं. व्हिडिओ टाकणाऱ्या सुपरवायझरला त्यांनी जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही!

स्क्रीनवर 'मिशन कम्प्लीट' आलं. मावशी म्हणाल्या, "आन् इमान कुठं गेलं?"

"संपलं की मावशी. गेममध्ये उतरवायचं नसतं."

"आसं कसं? इमान खाली आल्याबिगर माझ्या पोराची ड्युटी सुटत न्हाई. त्यो खाली हुबा आसतो, वाट बघत. उतरीव आधी."

दोन वर्षं खेळतेय, पण विमान उतरवता येतं का हेच मला माहीत नव्हतं! शोधता शोधता सरावाच्या मोडमध्ये धावपट्टी सापडली. पहिल्यांदा आपटलं, दुसऱ्यांदा थेट शेतात... तोवर अख्खं कँटीन भोवती गोळा. "अहो ताई, स्पीड कमी करा!" "चाकं काढा राव, चाकं!" चौथ्या खेपेला चाकं टेकली, आणि काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

मावशी त्या थांबलेल्या विमानाकडे बघत राहिल्या. "आता झालं," म्हणाल्या, आणि उठून पॅकिंगला गेल्या.

मुलाचा फोन हे लिहीपर्यंत लागलेला नाही. मी दोन वर्षं 'मिशन कम्प्लीट' दिसलं की फोन पर्समध्ये टाकत होते... खाली कुणी वाट बघत उभं असतं, हे कधी डोक्यातच आलं नाही. थँक यू, मावशी.