आक्कांचं एक पान

आक्कांनी डोळे तपासायच्या मशीनवर हनुवटी टेकवली आणि तशाच एका अंगाला कलंडल्या. शबानानं पटकन धरलं म्हणून डोकं फरशीवर आपटलं नाही. शबाना आमची ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे चष्म्याचे नंबर काढणारी. मी डोळ्यांची डॉक्टर. सांगलीत माझं छोटं हॉस्पिटल आहे, आणि आक्कांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरवड्यापूर्वी मीच केलं होतं.

त्यांना बाकावर आडवं केलं. बीपी खाली, शुगर कमी. मी त्यांच्या मुलाकडं वळले. भरत त्याचं नाव. वारणाकाठी ऊस आणि हळद करणारा शांत माणूस.

"सकाळी काय खाल्लंय यांनी?"

"काय न्हाई, मॅडम."

"आणि काल?"

"काल बी न्हाई. परवा जेवली, दिवस मावळता मावळता."

माझा पारा चढला. "अहो, ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवता? घरात कुणाचं लक्ष आहे की नाही?"

"तसं न्हाई, मॅडम. आईचा नियम हाय."

घर जैनांचं. लग्न होऊन आल्यावर आक्कांनी मुनींसमोर नियम घेतला होता. सकाळी देवळात जायचं, मग ग्रंथाचं एक पान वाचायचं, आणि मगच अन्नाला हात लावायचा. दिवस मावळल्यावर त्यांच्यात जेवत नाहीत. ऑपरेशन झाल्यापासून आक्कांना अक्षर लागत नव्हतं. भिंग घेऊन त्या अंगणात उन्हाला बसत आणि एकेक अक्षर लावत. ऊन असेतो पान झालं तर जेवण. नाहीतर तशाच निजायच्या.

"दुसऱ्या कुणी वाचून दाखवायचं मग."

"आमी म्हटलं की. माझी मालकीण बी म्हटली. तर आई म्हणती, ऐकीन असा नियम घेतला न्हाई मी, वाचीन असा घेतलाय."

"मग लगेच यायचं नाही का माझ्याकडं?"

भरत जरा घुटमळला. "तुमीच म्हणला हुता, महिनाभर चष्मा न्हाई म्हणून."

म्हणाले होते. सगळ्यांनाच म्हणते.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. ते काढून आम्ही नवं भिंग बसवतो. साधं भिंग एकाच अंतरावरचं नीट दाखवतं, लांबचं तरी नाहीतर जवळचं तरी. कुठलं बसवायचं ते आधी ठरवावं लागतं. बहुतेकांना लांबचं बसवतो आणि वाचायला चष्मा देतो, तोही महिन्याभरानं, डोळा स्थिर झाल्यावर. पेशंटची अडचण असेल तर तात्पुरता चष्मा आठवड्याभरातही देता येतो. पण त्यासाठी अडचण विचारावी लागते.

आणखी एक गोष्ट. काहींना मोतीबिंदू पिकताना लांबचं दिसेनासं होतं, पण जवळचं बिनचष्म्याचं वाचता येतं. आक्कांचं तसंच होतं. देवळाची पायरी चुकायची, समोरून आलेलं माणूस ओळखू यायचं नाही, पण ग्रंथ नाकाशी धरला की अक्षर लख्ख. दुसरा डोळा लहानपणीच मार लागून गेलेला. होता तो एवढा एकच. त्यात मी लांबचं भिंग बसवलं आणि त्यांचं वाचणं काढून घेतलं.

मला माहीत नव्हतं असंही नाही. ऑपरेशनआधी तपासताना शबाना म्हणाली होती, "मॅडम, आजी जवळचं वाचतात. जवळचं भिंग बसवायचं का?" बाहेर ओपीडी भरलेली. मी मान वर न करता म्हणाले, "या वयात कसलं वाचन? टीव्ही दिसला म्हणजे झालं." आक्का समोरच बसल्या होत्या. काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं त्यांनी. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

हे मी असं सहज का बोलून गेले, तेही सांगते. मीच वाचत नाही. प्रदर्शनातून हौसेनं पुस्तकं आणते आणि कपाटात लावते. उशाशी एक पुस्तक आहे, त्यातली खूण कित्येक महिने जागची हललेली नाही. वेळ मिळत नाही, असं सगळ्यांना सांगते. आपण वाचत नाही म्हटल्यावर शेतात राबलेली म्हातारी कुठली वाचणार, असं मी धरूनच चालले होते.

मी ग्लुकोजचं पाणी केलं. आक्कांनी हात आडवा धरला. "पान व्हायचंय अजून."

"मग सलाईन लावते."

"ते बी आतच जातंय की, मॅडम."

शबाना हळूच म्हणाली, "ट्रायल फ्रेम लावून बघूया?" नंबर काढताना नाकावर ठेवतो ती जड फ्रेम, तिच्यात काचा बदलता येतात. मागच्या बोलण्याची तिनं आठवणही करून दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

दोन काचांतच अक्षर लागलं. आक्का म्हणाल्या, "आलं की गं बाई." मग उठून बसल्या, हात धुतले, चपला काढल्या. भरतनं पिशवीतून ग्रंथ काढला. तो ठेवायला जागा हवी होती. माझ्या टेबलावर औषध कंपन्यांची पॅडं आणि कॅलेंडरं पसरलेली. ती मी माझ्या हातानं बाजूला केली आणि टेबल पुसलं.

नाकावर लोखंडी फ्रेम, एका हातानं ती सावरलेली, दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर. आक्का पुटपुटत वाचत होत्या. दाराशी पेशंट खोळंबलेले, पण कुणी कुरकुर केली नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पान संपल्यावर त्यांनी ग्रंथ कपाळाला लावला आणि भरतनं आणलेला डबा उघडला.

"आक्का, माझं चुकलं," मी म्हटलं. "मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

"जाऊ द्या. तुमाला तरी किती जणास्नी विचारायचं." भाकरी मोडता मोडता त्या म्हणाल्या, "तुमी काय वाचता, मॅडम?"

"वेळच मिळत नाही हो, आक्का."

"आणि जेवायला?"

"जेवते की. मिळेल तसा वेळ काढून."

त्यांनी नुसती मान हलवली. त्यात टोमणा नव्हता. शबाना खिडकीबाहेर बघत होती.

त्याच दिवशी तात्पुरता चष्मा करून दिला. पेशंट त्या डोळ्यानं दिवसभर काय करतो ते ऑपरेशनआधी विचारावं, असं आमच्या कॉलेजच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. तेही माझ्या कपाटात आहे. आता मी प्रत्येकाला विचारते. उत्तर येईपर्यंत थांबते.

नियम मीही करून बघितला. जेवणाआधी एक पान. पुस्तक डब्याशेजारी ठेवते. शबाना रोज बघते.

महिन्यानं आक्का पक्का चष्मा न्यायला आल्या. अंगानं जरा भरल्या होत्या. भरतकडून त्यांना माझ्या नियमाचं कळलं होतं, त्याला शबानानं सांगितलेलं.

"काल पान झालं का, मॅडम?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण तो डोळा मीच दुरुस्त केलेला, आणि तो माझ्याकडंच बघत होता.

"काल नाही जमलं, आक्का."

"आणि जेवण?"

"ते जमलं."

आक्कांनी खुर्ची पुढं ओढली. मशीनवर हनुवटी टेकवून मी तपासायची वाट बघत बसल्या.