खोड आधी सांगायची

अन्याय कुणावर झाला आणि कधी, ते आधी लिहितो. शहापूरला तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करणाऱ्या ताईवर झाला. गेल्या वर्षी, प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, विद्यापीठाच्या चार नंबरच्या खिडकीवर. मी शेजारीच उभा होतो.

नाव लिहीत नाही, कारण तिनेच बजावलंय. "नाव घातलंस तर लोक मला बघाय येतील. खिडकी बघाय कोन नाय यायचा."

तुम्ही तिला पाहिलेलं आहे. कुठला ना कुठला दाखला तिच्या हातून गेल्याशिवाय या तालुक्यात माणूस पुढे सरकत नाही. कागद हातात आला की ती आधी उलटा करून मागची बाजू बघायची. "पुढून सगळेच बरे दिसतात."

आमच्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं तीच छापायची. पहिल्या पत्रकात मी ठोकून दिलं होतं, 'हजारो विद्यार्थ्यांचा संताप!' तिने मशीन थांबवलं.

"यात खोटं काय हाय ते आधी सांग, मग छापते."

"ताई, पत्रकात असंच लिहितात."

"मोजलेस का रे?"

सभेला आम्ही एकोणीस होतो. त्यातले दोघे चहा द्यायला आलेले.

"मग सतरा लिही. सतरा काय कमी हायत?"

सतराच छापलं. वाटताना मला लाज वाटत होती. पण आमच्या सगळ्या पत्रकांत तेवढं एकच असं निघालं, ज्याला कुणी खोटं म्हणू शकलं नाही.

ही सवय तिला घरून आलेली. ती मुरबाडकडची, सिद्धगडाच्या पायथ्याची. शहापूरला मावशीकडे राहायची. तिचे वडील म्हसा गावच्या जत्रेत बैल विकायला न्यायचे. गिऱ्हाईक समोर आलं की बैलाची खोड आधी सांगायची आणि मग किंमत, हा त्यांचा नेम. शेजारचे व्यापारी हसायचे. ते हसोत.

आता ताईची खोड. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षात ती तीनदा नापास झाली. तिन्ही गुणपत्रिका तिने स्वतः लॅमिनेट केल्या होत्या आणि फाइलमध्ये सगळ्यात वाईट ती सगळ्यात वर. कुणी कारण विचारलं तर आडपडदा नाही. "पयल्या येळेला अभ्यास केला नाय. दुसऱ्या येळेला केला, तर डोक्यात गेला नाय. तिसऱ्या येळेला एस्टी आली नाय."

जुन्या विद्यापीठातली तिची मुदत संपली होती. दुसऱ्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात मात्र स्पष्ट छापलं होतं, की आधी पास झालेले विषय धरले जातील. तिचं पहिलं वर्ष पूर्ण होतं आणि दुसऱ्यातले चारच विषय राहिले होते. तिने त्या पानाची झेरॉक्स काढली, ओळीखाली रेघ मारली आणि दुकानातून एक दिवसाची सुट्टी घेतली. मी म्हटलं, मी येतो सोबत. मला वाटत होतं, मी तिला आधार द्यायला चाललोय.

खिडकीतल्या साहेबांनी फाइल उघडली. वरचीच गुणपत्रिका बघून त्यांनी ती बंद केली.

"हे कशाला दाखवता? जुनं कॉलेज सांगूच नका. बारावीवर पहिल्या वर्षाला नवीन फॉर्म भरा. मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडा, आजारपणामुळे शिक्षण खंडित. पाच मिनिटांचं काम."

"मी आजारी नव्हते."

"कुणीच नसतं, बाई."

हे तिच्याहून जास्त कुणाला माहीत असणार? गॅपची प्रतिज्ञापत्रं तीच टाइप करायची. तयार नमुना, फक्त नाव बदलायचं. "एवढी मानसं आजारी पडली या तालुक्यात," ती म्हणायची, "आणि दवाखान्यात बघावं तर डॉक्टर एक."

तिने रेघ मारलेलं पान पुढे सरकवलं. साहेब म्हणाले, "ते पुस्तकात असतं."

"नापास लपवायचं तर मी पास झाले ते विषय पन गेले ना? ते कुनी केले मग?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. दीडला खिडकी जेवणासाठी बंद होणार होती आणि प्रवेशही तिथेच संपणार होते. आणि तेवढ्यात मी बोललो. मी, मोर्च्यात सगळ्यात पुढे ओरडणारा. "ताई, लिहून टाक ना. आत तर जाऊ. नंतर लढू आपण."

ती माझ्याकडे वळली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"तुजंच पत्रक वाच जा."

त्या महिन्यात आम्ही 'नापास होणं हा गुन्हा नाही' हे पत्रक वाटत होतो. तिनेच छापलं होतं, एक कॉपीसुद्धा वाया न घालवता.

तिने फाइल परत घेतली आणि तिथेच बाकावर बसून कुलगुरूंच्या नावाने अर्ज लिहिला. नापास होण्याची तिन्ही कारणं लिहिली, पुस्तकातलं पान जोडलं, आवक विभागाचा शिक्का घेतला. खिडकी परत उघडली तेव्हा साहेबांनी सांगितलं, अर्जाचं उत्तर येईल तेव्हा येईल, प्रवेश आज संपले.

परतीच्या एस्टीत तीच बोलली. "एका वर्षी बाबांचा बैल डाव्या अंगाला ओढायचा. तेच आधी सांगायचे. तीन दिस कोन फिरकला नाय. जत्रा उठायच्या दिवशी एक जण आला. म्हनतो, माजा दुसरा उजवीकडं ओढतो, द्या हाच." ती हसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गिऱ्हाईक येतं रे. जत्रा उठायच्या आत आलं पायजे, एवढंच."

त्या अर्जाला अजून उत्तर नाही. मी तीनदा जाऊन आलो. 'प्रक्रियेत आहे' म्हणतात.

दिवाळीनंतर ताईने दुकान सोडलं. आता आसनगावच्या पुढे एका गोदामात पॅकिंगला असते. जाताना फाइल संघटनेच्या कचेरीत माझ्या टेबलावर ठेवून गेली. "माज्याकडं नुसती पडून राहील. तुज्याकडं मानसं येतात." फोन केला की म्हणते, शिफ्ट चालू हाय, नंतर कर.

परवा मी दुकानात गेलो होतो. मशीनवर नवा माणूस आहे. समोरच्या मुलीने "गॅपचं पायजे" म्हटलं. त्याने मान वर न करताच विचारलं, "आजारपन ना?" आणि बटण दाबलं. कागदाची मागची बाजू कुणी बघितली नाही.

आता माझी खोड. ती आधी सांगायला हवी होती, शेवटी सांगतोय. बारावीला गणितात नापास झालो आणि एक वर्ष घरी बसलो. माझ्या प्रतिज्ञापत्रावर आजारपण आहे. ते ताईनेच टाइप केलंय. मी ठणठणीत होतो.

जूनमध्ये प्रवेश पुन्हा सुरू होतील. तुमच्याही कपाटात असा एक कागद आहे, मला माहीत आहे. तो राहू दे तिथेच. त्याच्याखाली दाबून ठेवलेली नापासाची गुणपत्रिका काढा आणि पहिल्या दिवशी चार नंबरच्या खिडकीवर या. ताईची फाइल घेऊन मी पुढे उभा असेन. माझ्या मागे रांग लावा. गुणपत्रिका सगळ्यात वर धरा.

किती आलात ते मी मोजणार आहे, आणि तेवढेच छापणार आहे.