काकाजींनी सोडलेला शब्द

कोपरा फाटलेलं पोस्टकार्ड पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी पीठ मळत होते. तो फाटका कोपरा, मरणाच्या खबरीची खूण, दिसला आणि पुढचं वाचवेना. आधी वाटलं, माय... मग पहिली ओळ वाचली. काकाजी गेले होते. कार्ड इथं भिलाईला पोचेपर्यंत त्यांची तेरवीही उरकली होती. त्याला आता दीड महिना होतो. कार्डाला पिठाचा हात लागला, तो डाग तसाच आहे.

बाप मला आठवत नाही. राळेगावकडच्या आमच्या खेड्यात मला आणि मायला काकाजी-काकूनंच सांभाळलं. त्यांना मूल नव्हतं. मला मुदतीचा ताप आला, तीन आठवडे उतरेना, तेव्हा काकाजी पहाडावरच्या देवीला नवस बोलले, की पोरगी वाचली तर सगळं घर घेऊन वर चढीन. मी वाचले. म्हणजे तो पहाड माझ्यासाठीच होता, हे काही केल्या विसरता येत नाही.

साल सत्तावन असावं. आम्ही नुकतेच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो होतो आणि शाळेत नवे गुरुजी आले होते. आमचं ‘हाव’ त्यांना सोसत नसे. ‘हाव’ म्हटलं की छडी. "हो म्हणा, हो!" मी सहावीत पहिली, घरीही ‘हो’च म्हणू लागले. माय चिडवायची, "बस झालं वो मास्तरीन बाई! ‘हो’ त बैलाले म्हन्तेत." खरंच होतं ते. गाडी थांबवायची तर आमच्याकडे कासरा ओढून ‘होऽ होऽ’ म्हणायचं, की बैल जागच्या जागी उभे. काकाजी मात्र म्हणायचे, "शिकू दे तिले. आपली पोरगी मॅट्रिक होईन."

नवस फेडायला निघालो त्या दिवशी गाडी पायथ्याशी सोडली. अर्धा चढ सागाच्या जंगलातून, सोपा. मग उघडा खडक लागला, तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा, त्यात पाय ठेवायच्या खोबण्या आणि मध्येमध्ये अडकलेले गोटे. काकाजींनी वर जाऊन गाडीचा दोर झाडाला बांधला आणि आम्हाला खालून आधार द्यायला पुन्हा उतरले. माय चढली. काकू अंगानं जाड, ती अर्ध्यात अडकली.

"आता देवीलेच म्हना, खाली ये!"

"तुले पाहून देवी अजून वर जाईन," काकाजी म्हणाले, आणि हसता हसताच ती वर पोचली.

मग मी. दोर धरून निम्म्यावर आले, तर उजव्या पायाला एक गोटा लागला. माझी पाठ काकाजींकडे. मी विचारलं, "काकाजी, याच्यावर पाय देऊ?"

खालून ओरड आली, "होऽ! होऽ होऽ!"

गावातल्या दुसऱ्या कोणत्याही पोरीचा पाय तिथंच थिजला असता. मी शाळेतली पहिली. मी ‘हो’ ऐकलं... आणि सगळा भार टाकला.

गोटा सुटला. मी दोराला लोंबकळत राहिले. काकाजींना बाजूला होता आलं असतं, पण मी पडले तर झेलायला ते हात पसरून तिथंच उभे राहिले. गोटा त्यांच्या गुडघ्यावर बसला.

मी घसरत खाली आले. वरून माय किंचाळत होती. काकाजींनी तशातही ओरडून सांगितलं, "नारळ फोडूनच या, नवस अर्धा ठेवू नोका." मग माझा हात धरला. मी तोंड उघडलं, त्यांनी बोलूच दिलं नाही.

"गोटा आपसूक सुटला. तुहा पाय नोहता त्याच्यावर. समजलं?"

"हाव," मी म्हटलं.

दोर आणि घोंगडीची झोळी करून आम्ही तिघींनी त्यांना पहाड उतरवला. माझं टोक हातातून सुटेल ही भीती आजही भरली बादली उचलताना बोटांत येते.

काकाजींचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. शेतात हात कमी पडले, मी मायसोबत कापूस वेचायला जाऊ लागले, शाळा सहावीतच राहिली. काकाजींनी मला कधी बोल लावला नाही. गाडी तेवढी ते हाकत. पण बैलांना ‘हो’ म्हणणं त्यांनी सोडलं. "थांब, माय," असं म्हणत. बैल आपले पुढेच जात. ते कासरा ओढत आणि पुन्हा तेच म्हणत. लोक हसायचे, "पाहा, बैलाले माय म्हणून राह्यला! उद्या गायीले बाप म्हनशीन!" ते म्हणायचे, "शिकतीन हळूहळू." मीही हसले आहे त्यांना...

लग्न होऊन इतक्या दूर आले. प्रत्येक पत्रात लिहायचं ठरवलं, काकाजी, पाय माझाच होता. लिहिलं काय, तर पाऊसपाणी आणि तब्येत. त्यांना पत्र दुसरंच कोणी वाचून दाखवायचं, त्याची धास्ती. आता कोणाला लिहू? ज्या माणसानं मला दोनदा वाचवलं, त्याच्याशी एक खरं वाक्य मला बोलता आलं नाही.

कार्ड काकूनं कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. मरण तीन ओळींत संपलं आहे. खाली जागा उरली तिथं लिहिलंय, "बैल कोनाचंच आयकत नाहीत. परवा गाडी घेऊन नाल्यात चालले होते. सारे हो हो करून थकले. मंग म्या म्हटलं, थांब माय. तवा उभे राह्यले."

बैलाला कोण माय म्हणतं? आमच्याकडे लाडानं पोरीला म्हणतात. त्या खडकाखालून मला जे ओरडून सांगायचं काकाजींचं राहून गेलं, तेच ते इतकी वर्षं रोज ओरडत होते.

कार्ड पिठाच्या डब्यावर ठेवलं आहे. रोज एकदा ती ओळ वाचते, आणि हाव म्हणते.