बॅगांपाशी कोण बसणार?

अमेरिकेत शुगर लँडला लेकाकडे राहायला आले तेव्हापासून माझी एक नोकरी पक्की झाली. फिरायला गेलं की बॅगा सांभाळायच्या. नायगाराला लेक, सून, नात बोटीत आणि मी काठावरच्या बाकड्यावर, मांडीवर पोळीभाजीचा डबा. "आई, तुझे गुडघे. तू इथंच बस." लेक मायेनंच म्हणतो, त्यामुळे भांडताही येत नाही. नुसती चरफडत बसते.

एकदा सुट्टीत सगळे इटलीला निघालो. विमानात पाणी न्यायला नुकतीच बंदी आली होती. ह्यूस्टनच्या विमानतळावर माझी भरलेली बाटली काढून घेतली. "घ्या बाबा," म्हटलं, "पाण्यावरून अडवणारे मला नवे नाहीत." लेक हसला. त्याला वाटलं, म्हातारी उगाच बडबडतेय.

नेपल्सला शहराच्या पोटात रोमन काळातली पाण्याची टाकी आहेत, दगडात कोरलेली. खाली जायला भलामोठा जिना. दारातच लेक म्हणाला, "आई, पायऱ्या खूप आहेत गं. तू वर बस, आम्ही पटकन पाणी बघून येतो."

हे मात्र लागलं मला. गावात आमच्या वस्तीतल्या कुणी बारवेच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, असा दंडक होता. घागर घेऊन वर उन्हात उभं राहायचं. एखाद्या सवर्ण बाईला दया आली तर ती लांबून ओतणार. तोवर खालचं पाणी नुसतं बघायचं. "आपण कधी उतरायचं?" असं मी मायला विचारायची. माय म्हणायची, "गप." लेकाला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याचं सगळं लहानपण नळाच्या पाण्यावर गेलं.

"बॅगा तू घे," मी म्हटलं. "मी उतरणार."

"अगं, पण गुडघे..."

"माझेच आहेत ना? मग!"

पदर खोचला आणि निघाले. मागून लेक बॅगा लटकावून कुरकुरत येत होता. गुडघे बोंबलत होते. एके ठिकाणी वाट इतकी चिंचोळी की अंग चोरून सरकावं लागलं. आणि मग टाकं आलं. दिव्याच्या उजेडात तळापर्यंत दिसणारं नितळ पाणी. शेवटच्या पायरीवर वाकून मी हात पुढे केला.

"आजी, डोन्ट टच!" नात ओरडली.

हात तसाच अधांतरी राहिला.

"फक्त मी नाही लावायचा?"

"नो, आजी! कुणीच नाही. गाइड सगळ्यांना सांगतोय."

शेजारच्या गोऱ्या बाईनंही हात मागे घेतला होता. मग मीसुद्धा घेतला, अगदी खुशीत. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. तिथंच पायरीवर फतकल मारली.

जरा वेळानं लेक म्हणाला, "चल आई, वर जायचं."

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हटलं. "मी जरा खालीच बसते. वर फार बसून झालंय."