टेकाडावरचा मुक्काम

घाटंजीकडच्या आमच्या वावरात एक टेकाड आहे. आजोबांनी घेतलेलं. त्यावर आम्ही कधी काही पेरलं नाही, तरी दुसऱ्या कोणी त्याला हात लावलेला मला खपत नाही. गेल्या हिवाळ्यात पुरातत्त्वाची माणसं परवानगी मागायला आली, तेव्हाही मी तोंड वाकडं करूनच बसलो होतो. पण त्यांच्यात शेजारच्या बंजारा तांड्यातली रंजिता दिसली आणि मी नरमलो. फुलसिंगची ही लेक यवतमाळला कॉम्प्युटर शिकली. उत्खननाच्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचं काम तिच्याकडे होतं.

त्या सॉफ्टवेअरची गंमत अशी की ते सुट्या भागांचं. थरांचा एक भाग, खापरांचा एक, हाडांचा एक. लागेल तो जोडायचा, नको तो काढून ठेवायचा. थ्रेशरला तुरीची चाळणी वेगळी आणि सोयाबीनची वेगळी, तसंच. मात्र सगळ्यांचं लक्ष खालच्या प्राचीन वस्तीवर. वरच्या थरात काळ्या पडलेल्या चुली, कवड्या, आरशाचे तुकडे निघाले. ते सगळं ‘इतर’मध्ये टाकायचं आणि सोमवारी तो थर खरवडून काढायचा, असं ठरलं.

रंजिता भडकली.

“काका, कवड्या न् आरसे कोणाचे असतात? आमचेच लोक उतरले होते इथं. ते ‘इतर’ कायले होतील?”

उत्खननाच्या प्रमुख उर्वशी मॅडम ऐकून घेणाऱ्या होत्या. म्हणाल्या, “यांच्यासाठी नवा भाग तयार कर. वस्तू त्यात नीट बसल्या, तर काम थांबवते.”

पोरगी कामाला लागली. ‘तांडा’ नावाचा भाग केला. फुलसिंग शेजारी बसून सल्ले देत होता, म्हणून त्यात घर क्रमांक आला, रस्ता आला, देऊळ आलं, सभामंडपसुद्धा आला. आणि घर क्रमांक भरल्याशिवाय नोंद काही पुढे सरकेना. टेकाडावर तर एकही घर नाही! रविवारी मी फुलसिंगकडे चहाला गेलो, तेव्हा बापलेक तोंड पाडून बसले होते.

रंजिताच्या आईला, रुपीबाईला, भाकरी थापता थापता हसू फुटलं.

“घरं कुठून आणशील वं? आपले लोक बैलांवर मीठ, धान्य लादून गावोगाव जात होते. गोण्या उतरवल्या, गोल रचल्या, बैल आत घेतले, चुली पेटवल्या. सकायी पुढं.”

घरकुलात राहून राहून तांडा म्हणजे घरांच्या रांगा, हेच सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. माझ्याही.

रंजितानं घरं, देऊळ, सभामंडप सगळं काढून टाकलं. बापाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. नव्या भागाचं नाव ‘मुक्काम’. त्यात गोण्यांची जागा, बैलांची जागा, चुली, आलेली वाट, पुढची वाट.

सोमवारी मजूर फावडी घेऊन उभे असताना तिनं टेकाडावरच लॅपटॉप उघडला. इकडेतिकडे विखुरलेल्या वाटणाऱ्या चुली नकाशावर एका गोलात आल्या. मधल्या मोकळ्या जागेत जुन्या शेणाच्या खुणा होत्या. मॅडमनी नकाशा पाहिला, पुन्हा पाहिला आणि मजुरांना सांगितलं, “फावडी खाली ठेवा. आधी या थराची नोंद होईल. आणि रंजिता, हा भाग आपण दुसऱ्या उत्खननांनाही देऊ, तुझ्या नावासकट.”

माझी छाती अशी फुगली की पोर जणू माझीच. मी फोन करून फुलसिंग आणि रुपीबाईला बोलावून घेतलं.

फुलसिंग टेकाडावर चढला, सगळीकडे नजर फिरवली आणि मिशीत हसत म्हणाला, “भाऊ, तुमच्या वावरात आमचे लोक तुमच्या आधी येऊन गेलते म्हणा!”

“गेलते ना,” मी म्हणालो. “अन् तुह्या पोरीनं ते पक्कं करून ठेवलं.”

तेवढ्यात रंजिता ओरडली, “काका, मागं सरका! चुलीवर उभे आहा तुमी.”

माझ्याच टेकाडावर मला असं कोणी कधी बोललं नव्हतं. मी मागं सरकलो आणि चपला काढून हातात घेतल्या.