मडक्यातला उडीद

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवे होते त्याला तर नाहीच. तसे पाहिले तर न सांगण्याचा मला नियमच आहे. आमच्या क्रीडा मंडळाच्या घटनेतले नववे कलम असे आहे — कोणत्याही सदस्याने आपण मडक्यात कोणता दाणा टाकला हे कोणालाही, कधीही सांगू नये. सांगितल्यास त्याचे सदस्यत्व त्या क्षणापासून संपुष्टात येईल.

हे कलम मीच लिहिले. तेव्हा मी पंचविशीत होतो. आता पन्नाशी उलटून गेली. माणूस आपल्याला लपायला लागणारी जागा आधीच बांधून ठेवतो का? मला कळत नाही. हे तीन शब्द तुम्हाला पुढेही भेटतील. ते नम्रतेने लिहिलेले नाहीत. मला खरोखरच कळत नाही.

आमचे गाव वाशीमकडच्या किन्हीराजाच्या अलीकडे. सत्तरच्या दशकात आमच्या भागाला व्हॉलीबॉलचे वेड लागले होते. शाळेमागच्या पडीक जागेतले दगड वेचून आम्ही मैदान केले, बाभळीचे दोन सोट रोवले आणि त्यांना जाळी बांधली. खेळायला कोणीही येई. सुखदेवही येई.

सुखदेव आणि मी चौथीपर्यंत एका वर्गात होतो. त्याचे घर ओढ्यापलीकडे, बौद्धवस्तीत. वडील शेतमजुरी करत. तोही दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून संध्याकाळी मैदानावर यायचा. अंगाने उंच, काटक. जाळी तोच बांधायचा, कारण त्याला स्टूल लागत नसे. आणि जाळीजवळ उडी घेऊन तो चेंडू असा मारायचा, की पलीकडची पोरे चेंडू अडवायची सोडून बाजूला होत. मैदानाच्या कडेला माठ असे. सुखदेव ओंजळीने प्यायचा. दुसरा कोणी वरून पाणी ओतायचा. ते आपण पाहतच नाही, असे आम्ही सर्वांनी न बोलता ठरवले होते. मीही पुष्कळदा पाणी ओतले आहे.

मग वाशीमला स्पर्धा भरणार असे कळले, आणि नोंदणी झालेल्या मंडळाचे सदस्य असलेल्यांनाच खेळता येईल असेही कळले. तोवर आमचे मंडळ म्हणजे एक चेंडू आणि एक जाळी. मी गावातला थोडा अधिक शिकलेला, नुकताच पंचायतीत कारकून म्हणून लागलेला. घटना लिहायचे काम माझ्याकडे आले आणि चिटणीसपदही.

मी ती घटना फार जीव लावून लिहिली. जात, धर्म, पंथ यांचा विचार न करता कोणाही गावकऱ्यास सदस्य होता येईल — हे वाक्य लिहिताना माझे डोळे भरून आले होते. खोटे नाही सांगत. पुढे लिहिले की नवा सदस्य सर्वांच्या संमतीनेच घ्यावा. बहुमत मला क्षुद्र वाटले. एकमतात काही थोर आहे असे वाटले. आणि संमती गुप्त असावी. चिठ्ठ्यांवर अक्षर ओळखू येते, दाणा कोणाचा ते ओळखू येत नाही, म्हणून मूग आणि उडीद. प्रत्येकाने दोन्हींचा एक-एक दाणा घ्यावा; होकार असेल तर मूग मडक्यात टाकावा, नकार असेल तर उडीद; उरलेला खिशात घालून घरी न्यावा. एक जरी उडीद निघाला तरी अर्ज फेटाळला जाईल आणि दोन वर्षे पुन्हा करता येणार नाही. लोकांना ही पद्धत फार आवडली. “डोकं चालवलं बाप्पा, भाऊनं!” असे म्हणाले.

ज्यांनी घटनेवर सह्या-अंगठे केले ते आपोआप सदस्य झाले. सुखदेव त्या दिवशी सोंगणीला शेजारगावी गेला होता. त्याच्यासाठी थांबता आले असते. मी थांबलो नाही. त्यात काही हेतू होता का? तेव्हा तरी मला तो दिसला नाही.

त्यामुळे सुखदेवला अर्ज करावा लागला, आणि सूचक म्हणून मीच सही केली. विरोध उघडपणे एकाच माणसाने केला. गुणवंतराव आमचे कर्णधार. वयाने वडील, घरचे बरे, तोंडाने फटकळ. ते सभेत म्हणाले, “खेळाचं मले काई नाई. पन तिकडं मुक्काम पडन, पंगत बसन, तवा तुमी काय करसान? आपल्याच पोराले दूर बसवसान? त्यापरीस आताच सांगा ना त्याले.”

मी उत्तरादाखल बराच वेळ बोललो. चांगले बोललो असावे, कारण पुढे कोणी हरकत घेतली नाही. चेंडूला कोणाचा हात लागला हे चेंडू विचारत नाही, असे काहीतरी म्हणालो. गुणवंतराव शेवटी एवढेच म्हणाले, “बोलता त बेस येते तुमाले.”

आता मी मुद्द्यापाशी आलो आहे आणि मला पुन्हा माठाविषयी, बाभळीच्या सोटांविषयी लिहावेसे वाटते आहे. तरी लिहितो.

मतदान शाळेच्या ओसरीवर झाले, दिवसाउजेडी. मूग-उडीद मीच घरून, आईच्या डब्यांतून आणले होते. मडक्याच्या तोंडाला फडके बांधून हात जाईल एवढी फट ठेवली होती. सुखदेव समोर मैदानावर जाळी बांधत होता. त्याची पाठ आमच्याकडे होती. चिटणीस म्हणून मी शेवटी उठलो. दोन्ही दाणे मुठीत होते. हात आत गेला — आणि मी उडीद सोडला.

चुकून पडला, असे मी स्वतःला कित्येक वर्षे सांगितले. घामाने बोटे ओली होती, दाणे चिकटले, निसटले. पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाच्या बोटांना मूग आणि उडीद कळत नाहीत का? मला कळले होते. सोडण्यापूर्वी मी अंगठ्याने तो दाणा फिरवूनही पाहिला होता.

आणि त्या क्षणी मनात काय होते? निदान एक गोष्ट मला स्पष्ट आठवते. मला पक्की खात्री होती की मडक्यात आधीच उडीद पडलेले आहेत. गुणवंतरावांचा तर नक्कीच, आणखी तिघाचौघांचे. माझ्या एका दाण्याने काय होणार होते? जे गाव करणारच आहे, त्यात माझा एक दाणा काळोखात मिसळून जाईल. सुखदेव बाहेर राहील, मी त्याच्या बाजूने भांडलेला माणूस राहीन, आणि दोष गावाचा राहील.

शाळेचे मुख्याध्यापक पंच होते. त्यांनी फडके सोडून मडके परातीत उपडे केले. हिरवे दाणे घरंगळले. सगळे हिरवे. आणि त्यांच्यामध्ये एक काळा.

तो एकच दाणा पाहून मला काय वाटले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. धक्का बसला म्हणावे, तर कसला? पकडले जाण्याचा नव्हे; ती भीती नव्हतीच. संपूर्ण गावाने होकार दिला होता. ज्यांना मी मनोमन अडाणी समजत होतो त्यांनी. गुणवंतरावांनीसुद्धा. माझे बोलणे त्यांना पटले होते. मलाच पटले नव्हते.

मुख्याध्यापक हळूच म्हणाले, “एक आहे.”

मागून कोणीतरी बोलले, “कोनाचा हाय थे का आता सांगा लागते?” आणि सगळ्यांच्या माना गुणवंतरावांकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडले, मिटले. मग परातीकडे पाहत म्हणाले, “कलम नऊ हाय ना भाऊ? मंग मी बोलत नाई.”

लोकांनी त्यालाच कबुली समजले. आपण काय टाकले हे त्यांना ठाऊक होते; ते एका वाक्यात सुटले असते. पण नियमावर त्यांनी अंगठा नव्हे, सही केली होती, आणि फटकळ असला तरी तो माणूस सहीला जपणारा होता. मी त्यांच्याशेजारी उभा होतो. मीही बोललो नाही. आम्ही दोघे एकच कलम पाळत होतो.

सुखदेवला सांगायला कोण जाणार? चिटणीस. मी गेलो. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “किती निंगाले?” मी म्हणालो, “एक.” तो जरा हसला. “एकच? म्या त म्हटलं, मडकं काळं होईन.” मग त्याने नुकतीच बांधलेली जाळी सोडली, नीट गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि ओढ्याकडे चालू लागला. दुसऱ्या दिवसापासून आमची जाळी मधोमध झोळ खाऊ लागली.

तो दाणा माझाच होता, याचा एक पुरावाही होता. दुसऱ्या दिवशी आईने माझा सदरा धुवायला घेतला आणि खिशात तिला हिरवा मूग सापडला. दाणे तिनेच दिले होते. कोणता कशासाठी हे तिने मला विचारून घेतले होते. “दिगंबर, हा मूग खिशात कायले राह्यला रे?” मी म्हणालो, जास्तीचा असेल. ती माझ्याकडे पाहत राहिली नाही. उठली, दाणा पदराला पुसला आणि मुगाच्या डब्यात टाकला. ती वारेपर्यंत आमच्या घरात या विषयावर पुन्हा शब्द निघाला नाही.

वाशीमच्या स्पर्धेत जाळीजवळ मी खेळलो. अकोल्याच्या एका गिरणीचा माणूस आपल्या संघासाठी खेळाडू हेरायला आला होता. निवडलेल्यांना गिरणीत कायमचे काम मिळे. आमच्यातल्या कोणालाही त्याने निवडले नाही, पण जाताना विचारले, “तुमच्यातला तो उंच पोरगा कुठे आहे? त्याच्याविषयी ऐकून होतो.” मी सांगितले, “तो आमचा सदस्य नाही.” माझ्या साऱ्या आयुष्यात मी इतके खरे आणि इतके नीच वाक्य उच्चारलेले नाही. सुखदेव पुढे वाशीमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायला लागला आणि तिथेच म्हातारा झाला. त्याचा उजवा खांदा आता कानाच्या वर जात नाही.

का केले? दीर्घकाळ मी स्वतःला मत्सर हे उत्तर दिले. मतदानाच्या आधी एक पोरगा सहज बोलून गेला होता, “आता जाळीवर सुखदेव, अन् दिगंबरभाऊ मांगं.” ते मला झोंबले होते, हे खरे. पण मत्सर हे उत्तर मला इतके सोयीचे का वाटले? गुणवंतराव वयाने थकत होते. पुढे त्यांची जागा घ्यायला आलेल्या माझ्याच आळीतल्या मुलाच्या अर्जावर मी मूग टाकला होता. तोही माझ्याहून सरस मारायचा. मग ओढ्यापलीकडच्यासाठीच बोट उडदावर का गेले? घटनेतले ते वाक्य लिहिताना भरून आलेले डोळे कोणाचे होते? दोन्ही माणसे मीच होतो का? की डोळे भरणे हासुद्धा एक प्रकारे वरून पाणी ओतणेच होते — देतोही आहे आणि भांड्याला हातही लागू देत नाही? मी अनेकदा इथवर येतो आणि इथून पुढे मला दिसत नाही.

गुणवंतरावांना गावाने ‘उडीदराव’ हे नाव ठेवले. पोरे त्यांच्या मागे “ओ उडीदराव, डाय शिजली का?” म्हणत पळायची. पुढच्याच वर्षी त्यांनी कर्णधारपद सोडले. मला ते भेटत तेव्हा सरळ डोळ्यांत पाहत. एकदाच, एका लग्नाच्या पंगतीत, उडदाची डाळ वाढायला आलेल्या पोराला ते म्हणाले, “मले नोको. यायले वाढ, यायले आवडते,” आणि माझ्याकडे बोट केले. सगळे हसले. ते हसले नाहीत. त्यांना ठाऊक होते का? मला कळत नाही. गेल्या हिवाळ्यात ते वारले. स्मशानातून परतताना कोणीतरी म्हणाले, “गेला बिचारा उडीदराव,” आणि त्या नावाने दोघाचौघांच्या चेहऱ्यावर हसू आले. माझ्याही.

सुखदेव आजही भेटतो. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर चहा पितो आम्ही — कपातून, दोघेही. गुणवंतराव गेल्यावर तो म्हणाला, “जाऊ दे. मेलेल्या मानसावर कायचा राग धरा? पन भौ, तू होता म्हून माझं नाव त्या मडक्यापावतर त गेलं.” हे तो मला पहिल्यांदाच म्हणत नव्हता. आणि प्रत्येक वेळी मी मान खाली घालतो. तो त्याला माझा विनय समजतो.

हा कागद मी प्रथम त्याला वाचून दाखवणार आहे, नंतर गुणवंतरावांच्या घरी. त्यानंतर काय होईल याचा विचार मी केलेला नाही. तो माझ्या अखत्यारीतला नाही.

मडक्यात एकच उडीद होता, आणि तो मी टाकला. मंडळ अजून चालू आहे. ओसरीवरच्या फलकावर संस्थापक चिटणीस म्हणून माझे नाव रंगवलेले आहे. नववे कलमही अजून तसेच आहे. ते मी आत्ता मोडले. त्याच कलमाप्रमाणे, वरच्या ओळीपासून मी त्या मंडळाचा सदस्य नाही.