मुका काटा

आज कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. डोळ्यांपुढे आली वर्ध्याच्या आमच्या अंगणातली जुनी व्हॅन.

बाबा पियानो दुरुस्त करायचे. सिंदीच्या एका शाळेच्या पियानोचे हातोडे नवी लोकर लावून तयार होते आणि ते पोचवायला आम्ही गाडी भरत होतो. मागची सीट काढून मी गोधडी अंथरली, हातोडे ठेवले, लोकरीला कसर लागू नये म्हणून कडेनं गोळ्या टाकल्या.

हत्यारांची पेटी शेवटी. सूर लावायचा नादकाटा तिच्यात ठेवण्याआधी बाबा तो गुडघ्यावर आपटत, कानाशी धरत, समाधानानं मान हलवत आणि मगच झाकण लावत. त्या दिवशी मान हलली नाही. त्यांनी पुन्हा आपटला. दुसऱ्या कानाशी नेला.

"हा मुका झाला काय व बाई?" ते मला म्हणाले. "पडला असन कुठंतरी."

ओसरीवर तांदूळ निवडणाऱ्या आईचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी गाडीच्या पलीकडे दोरी आवळत होते. काट्याचा सूर मला तिथवर स्वच्छ ऐकू येत होता.